शेंगदाण्याच्या पुडीवर माझंच अक्षर

आवकजावक (इंदूर) | रविवार, रात्री १०:२०

मंडळी, तीन-चार वर्षं इथे नुसता वाचक आहे. आज लिहायला बसलोय कारण झोप काही लागत नाहीये.

काल संध्याकाळी हिच्याबरोबर राजवाड्यावर गेलो होतो. परत येताना कृष्णपुरा छत्रीपाशी शेंगांचा ठेला दिसला. ढिगावर निखाऱ्यांचं मडकं ठेवलेलं, धूर निघतोय, थंडी मस्त. वीस रुपयांच्या शेंगा घेतल्या आणि खात खात गाडीपर्यंत आलो. तळाशी मिठाची पुडी असते ना, ती शोधायला कागद उलगडला, तर कोपऱ्यात आमच्या ऑफिसचा गोल शिक्का. त्याखाली आवक क्रमांक, आणि तो आकडा माझ्या हातचा. माझा ४ वरून उघडा असतो, शाळेत त्यासाठी मार खाल्लाय, ओळखायला चूक होणं शक्य नाही.

मी विम्याची कामं करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत आहे. हिशेब, आवक-जावक, स्टेशनरी, सगळं माझ्याकडे. पुडीचा कागद म्हणजे आरोग्य विम्याच्या अर्जाचं दुसरं पान. माणसाचं नाव, जन्मतारीख, मोबाइल, पॅन, वारसदार म्हणून बायकोचं नाव. खाली आजारांची यादी, 'डायबिटीज'पुढे 'हाँ'वर टिक आणि बाजूला पेनाने किती वर्षांपासून ते लिहिलेलं. शेवटी सही.

तो कागद तिथे कसा पोचला हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. दिवाळीच्या सफाईत सर म्हणाले, सगळं स्कॅन झालंय ना, मग कागद कशाला सांभाळायचा? अटालेवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, बोलावलं ते मीच. ३४० किलो रद्दी भरली, १४ रुपये भाव, ४,७६० रुपये. टॅलीत 'इतर उत्पन्न'मध्ये टाकले, आणि त्याच पैशांत स्टाफला सोनपापडीचे डबे दिले. माझ्या घरचा डबा अजून अर्धा शिल्लक आहे.

आता विचारायचं असं की त्या गृहस्थांना कळवावं का? नंबर समोर आहे, पण तो मला शेंगांच्या पुडीवर मिळालाय. त्यावर फोन करणं म्हणजे मीही तेच करतोय का? आणि सरांशी कुठल्या तोंडाने बोलू? पावतीवर सही माझीच आहे.

पोहेजिलेबी | रविवार, रात्री १०:३१

आधी सांगा, शेंगा कशा होत्या?

(भिया, गंमत केली. वाचून पोटात गोळा आला. मागच्या महिन्यात मीही तसलाच अर्ज भरलाय.)

जुनी_पासबुकं (रामबाग, इंदूर) | रविवार, रात्री ११:०५

आवकजावक, तुम्ही लिहिलंत हेच पुष्कळ झालं. मी सरकारी बँकेतून निवृत्त. बँकांना जुनं रेकॉर्ड किती वर्षं ठेवायचं याचे १९८५ चे नियम आहेत, काही कागद ५ वर्षं, काही ८. मुदत संपली म्हणून कुणी पोतं उचलून बाहेर दिलं नाही. आमच्या शाखेत यादी व्हायची, दोन अधिकाऱ्यांच्या सह्या व्हायच्या, आणि मागच्या अंगणात लोखंडी पिंपात डोळ्यांदेखत जाळायचं. धुरानं खोकत उभं राहायची पाळी ज्युनिअरची, म्हणजे बरीच वर्षं माझी. तेव्हा वैताग यायचा. प्रायव्हसी वगैरे शब्द आमच्या तोंडी नव्हता. खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायची नाही, एवढंच शिकवलं होतं.

आणि विम्याच्या ओळखपत्रांबाबत मनी लाँडरिंगविरोधी कायदा आहेच. ग्राहकाशी संबंध संपल्यावरही ५ वर्षं ती कागदपत्रं जपायची असतात. तुमच्या सरांना हे ठाऊक असणार.

माझं मत, आधी सरांना सांगा. त्यांना डावलून गिऱ्हाइकाला फोन केलात तर उद्या तुम्हीच फुटीर ठराल.

वकीलीण_पलासिया | सोमवार, सकाळी ८:४०

आवकजावक काका, कोर्टात निघायच्या आधी घाईत लिहितेय, थोडं लांबेल.

सगळ्यांच्या तोंडी असलेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपन्यांवरच्या खऱ्या जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. आणि नावातच 'डिजिटल' आहे. जो कागद कायम कागदच राहिला, त्याच्याकडे हा कायदा बघत नाही. मात्र कागदावर घेतलेली माहिती नंतर डिजिटल केली तर ती कायद्यात येते. तुमच्या ऑफिसने स्कॅन केलंय, म्हणजे ती स्कॅन येणार. मूळ कागद येतो का, यावर दोन्ही बाजूंनी तासभर बोलता येईल. ज्याची फी घेतली असेल त्याच्या बाजूने मी बोलेन.

पेपरात २५० कोटींच्या दंडाचा आकडा येतो तो सुरक्षिततेत कसूर केल्याबद्दलचा कमाल दंड. पण तो सरकारी खजिन्यात जातो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला छदाम मिळत नाही. उलट आयटी कायद्याच्या कलम ४३अ मध्ये भरपाईची सोय होती, ती नवा कायदा पूर्ण लागू झाला की जाणार आहे. मला हे अजिबात पटलेलं नाही, पण मला विचारतो कोण.

तुमच्या पुडीला सरळ लागू पडतो तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती, कायद्याने परवानगी नसताना दुसऱ्याला उघड करणं, ही त्यात अनुचित व्यापार पद्धती म्हटली आहे. कागद की कॉम्प्युटर, असा भेद तिथे नाही.

फोनबद्दल. त्या माणसाने नंबर विम्याच्या कामासाठी ऑफिसला दिला होता. ऑफिसने ऑफिसच्या फोनवरून, त्याच विम्याबद्दल, कामाच्या वेळेत फोन केला तर त्यात काही वावगं नाही. तुम्ही रात्री दहाला घरच्या मोबाइलवरून करू नका.

अवांतर: वर्तमानपत्रात किंवा रद्दी कागदात खायचं बांधायला अन्न सुरक्षेच्या २०१८ च्या नियमांत मनाई आहे. म्हणजे पुडीच्या शाईबद्दल कायदा एकदम स्पष्ट आहे.

कापडबाजार (एमटी क्लॉथ मार्केट, इंदूर) | सोमवार, दुपारी १:१५

आता सगळे दुकानदारांवर घसरणार हे दिसतंय, म्हणून आधीच सांगतो. आम्ही बिलावर नंबर घेतो. उधारी असते, साडीला फॉल लावून झाल्याचं कळवायचं असतं, लग्नाचा बस्ता असला तर दहा वेळा बोलावं लागतं. नंबर न घेता धंदा कसा करायचा?

वकीलीण_पलासिया | सोमवार, दुपारी २:०२

दादा, फॉलसाठी घेतलेला नंबर फॉलसाठी वापरा, कोण अडवतंय! मे २०२३ मध्ये ग्राहक मंत्रालयानेही एवढंच बजावलं होतं की नंबर दिल्याशिवाय बिलच करणार नाही, असा आग्रह धरू नका.

कापडबाजार | सोमवार, दुपारी २:२०

ताई, बरोबर. मग खरं ते सांगूनच टाकतो. गेल्या वर्षी एक पोरगा दुकानात आला, 'भैया, आपके पास कितने कस्टमर का डेटा है?' म्हणून विचारत होता. मला वाटलं विकायला आलाय, तर घ्यायला आला होता. लग्नाचा बस्ता घेतलेल्या घरांची यादी हवी होती. मंडपवाले, दागिनेवाले, फिरायच्या टूरवाले, सगळ्यांना तीच यादी लागते म्हणे. मी दिली नाही. पण रात्री भाव किती सांगितला असता हे विचारायला हवं होतं असं वाटून गेलं, खोटं कशाला बोलू.

सुपरकॉरिडॉर_४०४ | सोमवार, रात्री ९:५०

मी सॉफ्टवेअरमध्ये, बारा वर्षं. लोकांना वाटतं माहिती म्हणजे हुडी घातलेला हॅकर चोरतो. तसंही होतं. २०१७ मध्ये अमेरिकेत इक्विफॅक्समधून १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली, कारण एका सॉफ्टवेअरची दुरुस्ती आलेली असूनही ती बसवायची राहिली. पण मी डोळ्यांनी पाहिलेले प्रकार बहुतेक तुमच्या पोत्यासारखेच होते. चाचणीसाठी खोटी नावं बनवायचा कंटाळा, म्हणून खऱ्या ग्राहकांची फाइल उचलून टेस्टिंगला टाकली. ती फाइल कुणीतरी एक्सेलमध्ये व्हॉट्सअॅपवर पाठवली, 'जरा बघ ना कॉलम नीट आलेत का'. नोकरी सोडलेल्या माणसाच्या फोनमध्ये ती अजून असेल. यात दुष्ट कुणीच नसतो, सगळ्यांना फक्त संध्याकाळी सहाला घरी जायचं असतं.

आपल्या इंदूरने कचरा सहा प्रकारांत वेगळा करायला शिकवलं. ई-कचऱ्याचा वेगळा डबा आहे, त्याचं कौतुकही आहे. पण त्या डब्यात ऑफिसचा जुना कॉम्प्युटर जातो तेव्हा त्याची हार्ड डिस्क कुणी काढून घेतली का, हे गाडीवाला विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. नुसतं फॉरमॅट मारून माहिती जात नाही. त्यावर दुसरं काहीतरी लिहावं लागतं किंवा डिस्क फोडावी लागते.

मकरपुरा_शिफ्ट (वडोदरा) | मंगळवार, सकाळी ७:१०

रात्रपाळी संपवून लिहितोय. आमच्याकडे केमिकलचं काम, दर वर्षी सगळ्यांची तब्येत तपासतात, आणि ते हवंच. पण दोन वर्षांपूर्वी रिपोर्ट आमच्या हातात यायच्या आधी एचआरकडे एक्सेलमध्ये गेले. साखर, बीपी, लिव्हर, एकेका नावापुढे रांगेत. जास्त असेल तो आकडा लाल. कँटीनमध्ये शिफ्ट इन्चार्ज माझ्या ताटाकडे बघून म्हणाला, 'केम भाई, श्रीखंड ओछुं करो ने!' सगळे हसले, मीही हसलो. मला साखर आहे हे मला त्या दिवशी, त्याच्या तोंडून कळलं.

घरी येऊन बायकोला सांगायला दोन दिवस लागले. आजाराचं वाटायचं तेवढं वाटलंच, पण ते चारचौघांत जेवताना कळलं, हे आजही डाचतं. त्यानंतर मी कँटीनमध्ये गोड घेत नाही. पथ्य म्हणून नाही, तिथे घेत नाही. सूरसागरपाशी बसून खातो.

जुनी_पासबुकं | मंगळवार, सकाळी ९:००

मकरपुरा, तुमचं वाचून वाईट वाटलं. काळजी घ्या.

लष्करकर (ग्वाल्हेर) | मंगळवार, सकाळी ११:३०

माझ्या धाकट्या भावाने फोनवरच्या एका अॅपमधून आठ हजारांचं कर्ज घेतलं होतं. हप्ता चार दिवस चुकला, तर त्याच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांना, आमच्या आत्याला, त्याच्या शाळेच्या बाईंना मेसेज गेले, 'हा चोर आहे'. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलंय की कर्ज देणाऱ्या अॅपने कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, लोकेशन फक्त सुरुवातीच्या ओळखीपुरतं, तेही एकदाच आणि विचारून. भावाला हे तेव्हा माहीत असतं तर 'अलाउ, अलाउ' दाबत गेला नसता. आत्या अजून विचारते, पैसे फेडले का रे.

आवकजावक | मंगळवार, रात्री १०:१५

सगळ्यांना धन्यवाद. दोन दिवसांत पुष्कळ झालं.

सरांना काल सांगितलं. पुडी समोर ठेवली. ते आधी हसले, म्हणाले, 'शेंगा खाताना कोण वाचत बसतं?' मी म्हटलं, सर, मी वाचलं. मग म्हणाले, 'वाद नको, विषय संपव.' विषय संपव म्हणजे काय, ते काही सांगितलं नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत स्कूटर काढून सियागंजपलीकडे अटालेवाल्याकडे गेलो. बहुतेक माल गिरणीत लगद्याला गेला होता. दोन पोती मात्र त्याने मुद्दाम मागे ठेवली होती. का, तर आमचा कागद जाड, पांढरा, आणि बरीच पानं एका बाजूला कोरी. ठेलेवाले त्याला चांगला भाव देतात, 'साहब, आपका माल तो ए-वन है.' १४ ला दिलेली रद्दी १८ रुपयांनी परत घेतली. ४१ किलो, ७३८ रुपये, खिशातून.

आता ती पोती आमच्या बाल्कनीत, तुळशीच्या शेजारी आहेत. ही विचारते, काय आहे त्यात? मी म्हटलं, लोकांच्या तब्येती. ती म्हणाली, मग आपल्या घरात का? मला उत्तर सुचलं नाही. नष्ट कसं करायचं ते कुणी सांगा. जाळायची सोय नाही, गच्चीवर धूर झाला तर सोसायटीवाले माझाच विमा काढतील.

सुपरकॉरिडॉर_४०४ | मंगळवार, रात्री १०:४०

हाताने चार तुकडे करून टाकू नका, जोडता येतात. उभ्या पट्ट्या कापणारं स्वस्त श्रेडरही कामाचं नाही. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी वकिलातीतल्या पट्ट्या केलेल्या कागदांचे तुकडे जुळवून पुढे पुस्तकं छापली गेली. आडवं-उभं दोन्ही कापणारं मशीन घ्या, नाहीतर सरळ टबात भिजवा. दोन दिवस भिजलं की लगदा.

पोहेजिलेबी | मंगळवार, रात्री १०:५५

लगद्याचा गणपती करा काका. पर्यावरणपूरकही होईल आणि गोपनीयही.

वकीलीण_पलासिया | बुधवार, सकाळी ८:१५

भिजवायची घाई करू नका. ते कागद तुमचे नाहीत आणि सरांनी लेखी काही दिलेलं नाही. शिवाय ५ वर्षं जपायचे कागद त्यात असले तर? आधी बघा काय आहे. खरं तर बघायलाही नको, पण आता इलाज नाही.

आवकजावक | शुक्रवार, रात्री ११:००

ताई, तुमचं ऐकलं म्हणून वाचलो.

आज दुपारी सरांच्या परवानगीने, ऑफिसच्या लँडलाइनवरून त्या गृहस्थांना फोन केला. नाव-गाव सांगून झाल्यावर ते पहिलं काय बोलले असतील? 'आपको मेरा नंबर कहाँ से मिला?'

मी गप्पच झालो. मग सगळं सांगितलं, ठेला, शिक्का, सोनपापडीही. ते रागावतील अशी तयारी ठेवली होती. पण ते मध्येच थांबवून म्हणाले, 'उस कागज़ पे डायबिटीज के आगे क्या लिखा है?' म्हटलं, 'हाँ'वर टिक आहे, पुढे वर्षंही लिहिली आहेत. पलीकडून बराच वेळ आवाज नाही.

प्रकार असा की त्यांच्या पॉलिसीच्या रेकॉर्डमध्ये डायबिटीज 'नहीं' आहे. गेल्या महिन्यात दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तेव्हा हे निघालं, आणि आजार लपवला म्हणून क्लेम अडकला. ते म्हणत होते मी 'हाँ' लिहिलं होतं, त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवेना. आमच्याकडून स्कॅन मागवली होती, आम्ही पाठवली होती, आणि त्या स्कॅनमध्ये दुसरं पान एवढं फिकट आलंय की टिक कुठे आहे ते दिसत नाही. ती स्कॅन पाठवणारा मीच असणार. मेल बघितला. मीच.

त्यांच्या खरेपणाचा एकुलता एक पुरावा आम्ही १४ रुपये किलोने विकला होता.

शंकासुर | शुक्रवार, रात्री ११:२०

माफ करा, पण हे जरा जास्तच जुळून आल्यासारखं वाटतंय. कथा असेल तर ललितमध्ये टाका.

आवकजावक | शुक्रवार, रात्री ११:३५

शंकासुर, मलाही ती असती तर बरं वाटलं असतं.

सुपरकॉरिडॉर_४०४ | शुक्रवार, रात्री ११:५०

जुळून आलेलं नाही, नेहमीचं आहे. एंट्रीच्या स्क्रीनवर आजारांचे दहा रकाने असतात, आणि कुणीतरी शहाण्याने सगळे आधीच 'नहीं' वर ठेवलेले असतात, काम पटकन व्हावं म्हणून. एंट्री करणाऱ्या पोराला फॉर्ममागे पैसे मिळतात. फिकट दिसलं, पुढे गेला. रकाना रिकामा सोडता आला असता तर निदान कळलं असतं की इथे काही भरलेलं नाही. मी स्वतः असा स्क्रीन बनवलाय. विम्याचा नव्हता, पण बनवलाय.

वकीलीण_पलासिया | शनिवार, सकाळी ७:५५

पॉलिसी किती जुनी आहे? २०२४ पासून आरोग्य विम्यात असं आहे की सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती लपवली किंवा चुकीची दिली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तर गोष्ट वेगळी. आधी ही मुदत ८ वर्षांची होती.

आवकजावक | शनिवार, सकाळी ८:१०

साडेतीन वर्षं.

वकीलीण_पलासिया | शनिवार, सकाळी ८:२५

मग तो कागद सोन्याचा आहे. इस्त्री-बिस्त्री करू नका, लॅमिनेट तर मुळीच नको. आहे तसा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. कुठे, कधी मिळाला ते दोन ओळींत लिहून सही करा. त्यांना मूळ कागद पोच घेऊन द्या, ऑफिससाठी प्रत ठेवा. विमा कंपनीच्या तक्रार विभागात आधी लेखी द्यायला सांगा, दाद मिळाली नाही तर विमा लोकपाल आहेत, तिथे वकिलाचीही गरज नाही. माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतेय.

आणि काका, लोक प्रायव्हसी म्हणजे लपवणं समजतात. नव्या कायद्यात स्वतःची माहिती काय ठेवली आहे ते विचारायचा आणि चुकलेली दुरुस्त करून घ्यायचा हक्कही आहे. माहिती घेताना द्यायची सूचना आणि संमतीची कागदपत्रं घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता येतात, म्हणजे इंदुरात बसून मराठीतसुद्धा. कोण मागेल ते मला बघायचंय.

मकरपुरा_शिफ्ट (वडोदरा) | शनिवार, दुपारी ३:४०

मी मागेन. पण मला वेगळंच वाटतंय. माझी साखर सगळ्यांना कळली आणि त्यांची ज्याला कळायला हवी होती त्यालाच कळली नाही.

जुनी_पासबुकं | शनिवार, संध्याकाळी ६:१०

आवकजावक, मग त्या ४१ किलोंमध्ये असे आणखी किती असतील? आणि गिरणीत गेलेल्या तीनशे किलोंत?

आवकजावक | रविवार, रात्री ९:३०

काका, हाच प्रश्न मी सरांना विचारला. या वेळी हसले नाहीत.

आज सुट्टी असून ऑफिस उघडलं. मी, सर, आणि एंट्रीवरची एक मुलगी. पोती घरून टेम्पोने नेली. ही म्हणाली, बरं झालं, तुळशीला ऊन लागेल. सकाळी अकरापासून एकेक कागद आणि स्क्रीनवरची नोंद ताडून बघत बसलो. निम्म्या पानांना जोड सापडत नाही, पहिलं पान आहे तर दुसरं नाही. काही पानांना तेलाचे डाग, म्हणजे ठेल्यावरून नको म्हणून परत आलेली असावीत. संध्याकाळपर्यंत एकच पोतं झालं. पूर्ण सापडलेले ११२ अर्ज, त्यात ९ ठिकाणी नोंद वेगळी. बीपीचे चार, डायबिटीजचे तीन, एका बाईंच्या ऑपरेशनचा उल्लेखच नाही, आणि एकाची जन्मतारीख दहा वर्षांनी पुढे. नऊही ठिकाणी स्क्रीनवरचा माणूस कागदावरच्यापेक्षा ठणठणीत.

उद्यापासून त्या नऊ जणांना फोन. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं ठरलंय. सरांनी मसुदा तीनदा बदलला. तिसऱ्यांदा 'मानवी त्रुटी' असं लिहिलं होतं, मी विचारलं, कोणता मानव? मग तो शब्द काढला. गिरणीत गेलेल्यांचं काय करायचं ते कुणालाच सुचलेलं नाही.

त्या गृहस्थांना कागद काल घरी नेऊन दिला. त्यांच्या पत्नीने चहा केला. ते टिकेवरून बोट फिरवत बसले होते, म्हणाले, इसमें से मूंगफली की खुशबू आ रही है.

आता एक शुद्ध हिशेबाचा प्रश्न, इथे सीए असतील तर सांगा. सरांनी माझे ७३८ रुपये ऑफिसकडून परत द्यायचे ठरवलंय. व्हाउचर मलाच करायचं आहे. आपलीच रद्दी चढ्या भावाने परत घेतली, हे कुठल्या खात्यात टाकू?

पोहेजिलेबी | रविवार, रात्री ९:४१

प्रायश्चित्त खातं.

कापडबाजार | रविवार, रात्री ९:५०

माल परत. आमच्याकडे रोज होतं.

जुनी_पासबुकं | रविवार, रात्री १०:०५

सध्या सस्पेन्समध्ये ठेवा. दुसरं पोतं उघडायचंय अजून.